ओळखीचे कोणी आहे का?

"तिथे आपल्या ओळखीचं कोणी आहे का?" हा प्रश्न विचारल्यावाचून मराठी मध्यमवर्गीय घरातले एकही काम पुढे सरकत नाही. मुलाला शाळेत घालायचे असो, आजोबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे असो, की वाचनालयात नाव नोंदवायचे असो, आधी ओळख शोधायची. त्या ओळखीच्या माणसाने फार मोठे उपकार करावेत अशी अपेक्षा नसते. कचेरी किती वाजता उघडते, कोणते कागद न्यावेत, कोणत्या खिडकीशी उभे राहावे आणि साहेब जेवायला कधी उठतात, एवढे त्याने सांगितले तरी पुष्कळ होते.

यंदाच्या पावसाळ्यात या ओळखीचा विचार मला जरा निराळ्या वाटेने करावा लागला. निमित्त झाले आमच्या वाचनालयाचे.

चिंचवडच्या जुन्या वस्तीत एक लहानसे सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या कार्यकारिणीवर मला घेतले, ते मी मराठी शिकवतो म्हणून. मराठीच्या प्राध्यापकाने लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासावेत आणि निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रे लिहावीत, असा समाजाचा दंडकच आहे. आषाढातल्या बैठकीत त्यात तिसऱ्या कामाची भर पडली. कार्यवाह म्हणाले, "आता आपल्या वाचनालयाचं संकेतस्थळ हवं. सगळ्यांची आहेत." अध्यक्षांना कल्पना एकदम पसंत पडली. आपला संदेश कोठे येईल आणि त्याच्या शेजारी छायाचित्र केवढे असेल, याची त्यांनी चौकशी केली. कोषाध्यक्षांनी खर्च विचारला. ग्रंथपालबाई कोपऱ्यात बसून नव्या पुस्तकांवर क्रमांक घालीत होत्या. त्यांना कोणी काही विचारले नाही. अखेर ठराव झाला, की सरांनी शाळांच्या आणि वाचनालयांच्या संकेतस्थळांचे चार चांगले नमुने शोधून आणावेत.

'नमुना' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिल्या आठवड्यात माझ्या हाती लागले ते बहुतेक दुसऱ्या अर्थाचे.

संकेतस्थळ उघडावे तो वर शाळेची इमारत, तीही उगवत्या सूर्यासह. खाली हसणारी मुले. पण ती मुले आपल्याकडची नव्हेत, कोठल्या तरी परदेशी छायाचित्रांच्या बाजारातून आलेली. मग संस्थापक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, प्राचार्य यांचे संदेश. सर्वांचा भर 'सर्वांगीण विकासा'वर. उजवीकडे 'ताज्या घडामोडी' म्हणून एक पट्टी सरकत असते, आणि तिच्यात चार वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनाचे आग्रहाचे निमंत्रण असते. वाचनालयांची तऱ्हाही वेगळी नव्हे. शतकमहोत्सवाचे छायाचित्र सापडते. परंतु गुरुवारी वाचनालय बंद असते की सोमवारी, हे सापडत नाही.

काही जुन्या स्थळांवर मजकूर आहे, पण तो वाचताच येत नाही. याचे कारण ठाऊक करून घेण्यासारखे आहे. पूर्वी मराठी टंक तयार करणारे इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या मर्जीप्रमाणे मराठी अक्षरे बसवीत. ज्याच्या यंत्रात तो टंक नाही त्याला मराठीऐवजी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. 'युनिकोड' या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली. आपल्या संस्थांपर्यंत ती पोहोचायला पुढची पुष्कळ वर्षे गेली. आता ती अडचण सरली म्हणावे, तर नवीच खोड दिसते. शिक्का मारलेल्या सूचनेचे छायाचित्र काढायचे आणि तेच चिकटवायचे. माणसाला ते डोळे ताणून वाचता येते. पण शोधयंत्राला त्यातला शब्द सापडण्याची खात्री नाही, आणि दृष्टिहीन माणसाला मजकूर वाचून दाखवणारी जी सोय असते, ती अशा चित्रापुढे बहुधा मुकी होते.

एक खाडा

याच दिवसांत आमच्या गल्लीत भाड्याने राहणारे एक गृहस्थ संध्याकाळी घरी आले. मूळचे लातूर जिल्ह्यातले, चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामाला. "सर, तुमचं ते मशीन चालू हाय तर तेवढं पोरीच्या शाळेचं बघा की," ते म्हणाले. मुलीला गावाकडच्या शाळेतून काढून इकडे पाचवीत घालायचे होते. कागद कोणते लागतात आणि कचेरी केव्हा उघडी असते, एवढेच त्यांना हवे होते.

आम्ही दोघांनी मिळून त्या शाळेचे स्थळ अर्धा तास धुंडाळले. शाळेला तरणतलाव आहे हे कळले. वाहनतळाचे उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले हेही कळले. कागदांचा पत्ता लागला नाही. दूरध्वनी क्रमांक दिला होता. तो कोणी उचलला नाही. शेवटी त्यांनी एक दिवस खाडा केला आणि शाळेत गेले. तेथे समजले, की प्रवेशाचे काम दुपारी एकपर्यंतच चालते, आणि जुन्या शाळेचा दाखला मूळ स्वरूपात हवा; तो तर गावी. म्हणजे आणखी एक खाडा, शिवाय लातूरच्या गाडीचे भाडे. कंत्राटी कामगाराच्या घरात दोन खाड्यांचा अर्थ काय होतो, ते मी सांगायला नको.

माझ्या स्वतःच्या मुलाच्या वेळी असे झाले नव्हते. त्या शाळेतल्या एका शिक्षिका आमच्या मंडळींच्या मैत्रीण. एका फोनवर सगळे कागद कळले होते.

आमचे हे गाव पूर्वी मोरया गोसावींचे आणि चापेकर बंधूंचे चिंचवड म्हणून ओळखले जाई. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले आणि शेतांच्या जागी कारखाने उभे राहू लागले. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका, आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती सतरा लाखांवर. पुढे कारखाने चाकणच्या माळावर सरकले. जेथे १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाच्या फौजेला झुंजवले, त्या संग्रामदुर्गाच्या परिसरातून आज मोटारींचे सुटे भाग भरलेले ट्रक जातात. या वस्तीत मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार, उत्तर प्रदेश, सगळीकडची माणसे आहेत. त्यांच्यापाशी कष्ट आहेत, मोबाइल आहे, मुलांना शिकवण्याची जिद्द आहे. नाही ती फक्त ओळख. आणि वेळ पाहावी तर दुसरी पाळी सुटून कंपनीच्या बसने घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र होते. त्या वेळी शाळेचे दार बंद, वाचनालयाचे बंद. उघडे असते ते एवढेसे हातातले पान.

तेव्हा माझ्या लक्षात आले, की नमुना शोधायचा तो छायाचित्रांचा नव्हे. ज्याची कोठे ओळख नाही, त्याच्या ओळखीचा माणूस होईल असे स्थळ शोधायचे.

शेजारचा सारथी

पहिला चांगला नमुना घराजवळच निघाला. मात्र तो शाळेचा नव्हता आणि वाचनालयाचाही नव्हता. २०१३ साली, डॉ. श्रीकर परदेशी आयुक्त असताना, पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने 'सारथी' नावाचा उपक्रम सुरू केला. कल्पना अगदी साधी. नागरिक खिडकीशी येऊन जे प्रश्न विचारतात तेच प्रश्न घ्यायचे आणि त्यांखाली सरळ उत्तरे लिहायची : जन्माच्या दाखल्याला काय लागते, नळजोडासाठी अर्ज कोठे करायचा, शुल्क किती. तीच माहिती छापील पुस्तिकेत, तीच संकेतस्थळावर आणि तीच दूरध्वनीवर. महापौरांचा संदेश वाचून कोणाला नळ मिळत नाही, हे येथे कोणाला तरी उमगले होते.

ग्रंथालयांच्या जगात ही गोष्ट फार पूर्वी सांगून झाली आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. त्याच्याही आधी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला १९१० साली बोलावून घेतले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यात फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या होत्या. पुस्तके पेटीत भरून गावोगाव जात. गावकऱ्याने बडोद्याला यावे अशी अट नव्हती. बॉर्डनसाहेबांची पेटी जेथवर जात होती तेथवर आपले संकेतस्थळ जाते का, अशी कसोटी लावली तर किती संस्था उत्तीर्ण होतील?

पण उत्तीर्ण होणारे आहेत. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय घ्या. वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली स्थापन झालेली ही संस्था. आपल्याजवळची जुनी, दुर्मिळ पुस्तके तिने पानापानाने यंत्रावर उतरवली आणि संकेतस्थळावर वाचकांना खुली केली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानेही तेच केले. भारत सेवक समाजाच्या १९०५ सालच्या ग्रंथसंग्रहापासून चालत आलेले हे भांडार. माझे एक विद्यार्थी चाकणहून येत. शोधनिबंधासाठी लागणारा एक जुना अहवाल त्यांनी तेथून बसमध्ये बसल्या बसल्या उतरवून घेतला. त्याच अहवालासाठी मी विद्यार्थी असताना डेक्कनपर्यंत तीन हेलपाटे घातले होते, आणि चौथ्या खेपेला तो बांधणीला गेलेला निघाला होता.

मुलांसाठी मला सर्वांत आवडलेला नमुना 'किशोर'चा. 'बालभारती'चे हे मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झाले, आणि त्याचे जुने अंक आज संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. नमुना तपासायचा म्हणून मी ते उघडले आणि माझ्या लहानपणचा एक अंक पाहिला. जेवायला तीन हाका आल्या. चौथ्या वेळी पत्नीच खोलीत आली, तीही शेजारी बसली, आणि आमटी गार झाली. 'बालभारती'नेच शाळेची जुनी पाठ्यपुस्तकेही अशी जपून ठेवली आहेत. चालू इयत्तांची पुस्तके तर कोणालाही उतरवून घेता येतात. शाळा उघडून पंधरा दिवस झाले तरी पुस्तक हाती आले नाही, अशा घरात या गोष्टीची किंमत विचारा.

शाळांकडे वळलो तेव्हा एक मौज कळली. शाळेची उपयोगी माहिती पुष्कळदा शाळेच्या स्वतःच्या स्थळावर नसून दुसरीकडे असते. सरकारच्या 'युडायस' नोंदीत प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक आहे, आणि त्यावरून शाळेत वर्गखोल्या किती, शिक्षक किती, स्वच्छतागृहे आहेत की नाहीत, हे पालकाला घरबसल्या पाहता येते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने तर आपल्या शाळांना अशी माहिती संकेतस्थळावर जाहीर करण्याची सक्तीच केली आहे. प्रवेश घेण्यापूर्वी हे पान जरूर उघडावे. तरणतलावाच्या चित्रापेक्षा अग्निसुरक्षेचा दाखला अधिक बोलका असतो.

आणि सक्तीवाचून, स्वतःच्या बुद्धीने चालणारे शिक्षकही आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर ठिपक्यांची चौकोनी खूण चिकटवली; मोबाइल तिच्यावर धरला की कविता ऐकू येई, धडा पाहता येई. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच अशा खुणा आल्या. डिसले गुरुजींना २०२० च्या डिसेंबरात दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली, हे सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की मुलांनी संकेतस्थळावर यावे असे त्यांनी म्हटले नाही; मुलांच्या हातात जे पुस्तक होते त्याच्यावरच त्यांनी दार काढून दिले.

चाकण ज्या खेड तालुक्यात येते, त्याच तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांच्या एका पुरस्कारासाठी पहिल्या दहांत आली. एके काळी ही शाळा पटाअभावी बंद पडण्याच्या बेतात होती. अशा शाळेचे नाव गावकऱ्यांच्या तोंडून पसरते. उलट भपकेबाज स्थळ पाहून शाळा चांगली असेल असा निष्कर्ष कोणी काढू नये. चांगल्या शाळेला चांगली पाटी असेलच असे नाही, आणि पाटी रंगवणाऱ्याला शाळा चालवता येतेच असेही नाही.

एक नमुना साता समुद्रांपलीकडचाही सांगतो, कारण तो आमच्या कोषाध्यक्षांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या ग्रंथालयांची जुनी संगणक यंत्रणा २००० साल उजाडताच कोलमडणार अशी भीती होती. त्यांनी नवी करवून घेतली, तिला 'कोहा' म्हणजे माओरी भाषेत 'भेट' असे नाव दिले, २००० च्या जानेवारीत ती सुरू केली, आणि मग साऱ्या जगाला फुकट देऊन टाकली. आज आपल्याकडच्याही अनेक ग्रंथालयांत ती चालते. पुस्तक आहे की बाहेर गेले आहे, हे वाचकाला घरून पाहता येते.

बाईंची वही

नमुने घेऊन मी बैठकीला गेलो. जाण्यापूर्वी ग्रंथपालबाईंना एक विनंती केली होती, की आठवडाभर देवघेवीच्या खिडकीशी लोक काय विचारतात ते लिहून ठेवा. बाईंनी शंभर पानी वहीची सात पाने भरली होती. "आज किती वाजेपर्यंत उघडं?" हा प्रश्न एकोणीस वेळा. "पुस्तक उशिरा आणलं तर दंड किती?" अकरा वेळा. "मुलांची पुस्तकं आहेत का?" "स्पर्धा परीक्षेची?" "हिंदी आहेत का?" आणि "सभासद व्हायला काय लागतं?" नऊ वेळा.

"हेच आपलं संकेतस्थळ," मी म्हणालो.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहायला घेतले तेव्हा घोळ झाला. सभासद व्हायला काय लागते, हे कार्यकारिणीतल्या कोणालाच नीट सांगता येईना. कपाटातून जुनी नियमावली काढली. तिच्यात लिहिले होते : अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचे वीजबिल, आणि दोन विद्यमान सभासदांची शिफारस.

मी ते वाक्य मोठ्याने वाचले आणि गप्प बसलो. शाळेवर मी मनातल्या मनात रागावलो होतो. आमच्या दारावरही तीच अट होती. फक्त ती कपाटात होती.

अध्यक्ष म्हणाले, "अहो, पुस्तकं परत आली पाहिजेत ना? भाडेकरू आज आहे, उद्या नाही." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आमची वर्गणी थोडी, अनुदान बेताचे. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई कोण करणार? त्यावर बाई पहिल्यांदाच बोलल्या. "साहेब, गेल्या पाच वर्षांत जी पुस्तकं परत आली नाहीत, ती जुन्या सभासदांकडेच आहेत. यादी दाखवू का?" यादी कोणी मागितली नाही. कार्यवाहांनी लगबगीने चहा मागवला.

दीड तासाच्या वादानंतर ठरले, की शिफारस रद्द. वीजबिलाऐवजी भाडेकराराची किंवा कंपनीच्या ओळखपत्राची प्रत चालेल. आणि अनामत रक्कम शंभर रुपयांनी वाढवावी. ही शेवटची गोष्ट मला पटली नाही, पण मी मत विरुद्ध नोंदवून गप्प राहिलो. सगळेच मिळाले असते तर पुढच्या बैठकीला भांडायला काय उरले असते? रविवारी सकाळची वेळ दोन तासांनी वाढवण्याचेही ठरले. अध्यक्षांचा संदेश राहिला. मात्र तो पानाच्या तळाशी गेला आणि चार ओळींचा झाला. त्यातले ऱ्हस्वदीर्घ मीच तपासले.

श्रावण संपता संपता ते पान सुरू झाले. एकच पान, चित्र एकही नाही, म्हणून चालत्या बसमध्येही चटकन उघडते. वर वेळा, खाली प्रश्न आणि उत्तरे, आणि शेवटी निरोप ठेवण्याची जागा. पहिला निरोप एका बुधवारी रात्री बारा वाजून चाळीस मिनिटांनी आला. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेले, पण अर्थ स्पष्ट होता : पाचवीच्या मुलीसाठी गोष्टींची पुस्तके आहेत का, आणि रविवारी मुलीला बरोबर आणले तर चालेल का?

उत्तर बाईंनी सकाळी आठ वाजता पाठवले. रविवारी बापलेक दोघेही आली. मुलीने चार कपाटे पाहिली, दोन पुस्तके निवडली आणि बाईंना विचारले, "एकदम तीन देता का?" आमच्या नियमात दोनच बसतात. बाईंनी वही काढली आणि तो प्रश्नही लिहून ठेवला.